नाव एक, माणसे अनेक

(मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे. ग्रामस्थ व देणगीदार यांच्या आग्रहावरून स्मरणिकेत देत आहोत.)



कलश चढला, मंत्रघोष झाला, आता थोड्या वेळाने महाप्रसादाची पंगत बसेल. पंगतीच्या आधी व्याख्यान ठेवण्यात समितीचे चातुर्य आहे. श्रोते उठून जात नाहीत आणि वक्त्यालाही आटोपते घ्यावे लागते. तेव्हा मी मुद्द्यावरच येतो.

या सभामंडपाच्या उजव्या भिंतीवर संगमरवरी फलक बसणार आहे. त्यावर देणगीदारांची नावे कोरली जातील. नावांची कच्ची यादी समितीने आठ दिवसांपासून खांबाला लावली आहे आणि चुका सांगा असे आवाहनही केले आहे. मी ती यादी सावकाश वाचली. एकाच नावाची तीन-तीन माणसे तिच्यात आहेत. कोणाच्या नावापुढे वडिलांचे नाव आहे, कोणाच्या नाही. कोणी नुसते आडनाव आणि पुढे ‘परिवार’ असे लिहून दिले आहे. ती यादी वाचताना मला इतिहासातल्या नामबंधूंची आठवण झाली. नामबंधू म्हणजे एकाच नावाची माणसे. आजचा माझा विषय तोच आहे, आणि तो आपल्या या पालघर-बोईसर-तारापूरच्या मातीशी फार जवळून जोडलेला आहे.

प्रथम गावांचेच पाहा. माहीम म्हटले की मुंबईचा माणूस दादरच्या पलीकडचे माहीम समजतो. आपण मात्र केळवे-माहीम म्हणतो. शेजारच्या गावाचे नाव जोडले की घोटाळा संपला. शिरगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती तरी असतील, पण किल्ल्याचे आणि समुद्राकाठचे म्हटले की ते आपले. माणसांचेही असेच आहे. गावात कोणी पाव्हणा येऊन “रामचंद्र कुठे राहतो?” असे विचारू लागला, तर आपण उलट विचारतो, “कोणता रामचंद्र? वाडीतला, बंदरावरचा, की पाड्यातला? आणि कोणाचा?” या ‘कोणता’ आणि ‘कोणाचा’ या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय आपल्याला माणूस ओळखता येत नाही.

नावे पुन्हा पुन्हा का येतात? आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची जुनी चाल आहे. आजोबा गेले, नातू जन्मला, आणि घरात तीच हाक पुन्हा सुरू झाली. पेशव्यांचे घराणे घ्या. श्रीवर्धनचे विश्वनाथपंत, त्यांचे पुत्र बाळाजी विश्वनाथ. बाळाजींच्या थोरल्या मुलाचे मूळ नाव विसाजी, म्हणजे आजोबांचेच विश्वनाथ हे नाव. यांनाच जग पहिले बाजीराव म्हणून ओळखते. बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी, ज्यांना आपण नानासाहेब पेशवे म्हणतो. आणि त्यांचा थोरला मुलगा विश्वासराव, जो १७६१ मध्ये पानिपतावर पडला. पिढी एक सोडून एक नाव कसे फिरत राहिले, ते लक्षात आले ना?

छत्रपतींच्या घराण्यातही तेच. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी राजे कनकगिरीच्या वेढ्यात कामी आले. त्यानंतर थोड्याच काळाने, १६५७ मध्ये, पुरंदर किल्ल्यावर महाराजांना पुत्र झाला. त्याचेही नाव संभाजी. पुढे राजाराम महाराजांच्या मुलाचे, म्हणजे कोल्हापूरच्या गादीवर बसलेल्या छत्रपतींचे, नावही संभाजीच. काका, पुतण्या आणि पुतण्याचा पुतण्या, असे तीन संभाजी एकाच घरात झाले. शाळकरी मुलांचा गोंधळ झाला तर त्यांना रागावू नका. तीच गत शाहू महाराजांची. साताऱ्याचे शाहू छत्रपती १७४९ मध्ये वारले. ज्यांनी वसतिगृहे काढली, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, ते राजर्षी शाहू कोल्हापूरचे, जन्म १८७४. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

आता तारापूरला येऊ. सन १७३९ चा जानेवारी महिना. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतले हे उत्तरेकडचे पर्व. माहीम, शिरगाव, डहाणू अशी ठाणी एकामागून एक मराठ्यांच्या हाती येत होती. तारापूरचा कोट मात्र सहज हाती येणारा नव्हता. तटाखाली सुरुंग खणले. काही उडाले, काही फसले. जिथे तट फुटला तिथून निशाणे घेऊन मराठे आत घुसले. त्या पहिल्या लोंढ्यात बाजी भीवराव होते, रामचंद्र हरी पटवर्धन होते, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार होते. जिथे सुरुंग फसला, त्या बाजूने राणोजी भोसले खंदक ओलांडून शिड्या लावून चढले. आतले पोर्तुगीजही हातात तलवार घेऊन शर्थीने लढले. शत्रूच्या शौर्याची ही गोष्ट मराठ्यांनीच लिहून ठेवली आहे. कोट पडला, पण बाजी भीवराव परत आले नाहीत. तारापूरच्या या झुंजीत ते कामी आले.

हे बाजी भीवराव कोण? रेठरेकर हे त्यांचे आडनाव. बाजीराव पेशव्यांचे ते जिवलग सोबती आणि नामांकित सरदार. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकले, त्या काळातल्या मोहिमांतही बाजी भीवराव त्यांच्याबरोबर होते. त्यांच्या मृत्यूने बाजीरावांना भाऊ गेल्यासारखे दुःख झाले आणि त्यांनी बाजींच्या आईला सांत्वनाचे पत्र लिहिले. एवढा मोठा माणूस आपल्या तारापूरच्या मातीत पडला. पण आज आपल्या शाळेत जाऊन मुलांना विचारा, “बाजी कोण?” शंभरातली नव्व्याण्णव मुले म्हणतील, “बाजीप्रभू!”

त्यात मुलांची चूक नाही. बाजीप्रभू देशपांडे यांचे नावच तसे आहे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत उभे राहून त्यांनी सिद्दीच्या फौजेला थोपवले, महाराज विशाळगडावर पोहोचले आणि खिंडीचे नाव पावनखिंड झाले. पण बाजी हे नाव त्या काळी फार चालणारे होते. बाजी पासलकर हे मोसे खोऱ्याचे देशमुख. स्वराज्याच्या अगदी पहिल्या दिवसांत, महाराज विशीच्या आतबाहेर असताना, ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कान्होजी जेध्यांचे पुत्र बाजी जेधे, ज्यांना सर्जेराव हा किताब मिळाला. पुरंदरावर १६६५ मध्ये दिलेरखानाशी झुंजताना पडलेले मुरारबाजी. त्यांचेही आडनाव देशपांडे, त्यामुळे पुष्कळ लोक त्यांना आणि बाजीप्रभूंना भाऊ-भाऊ समजतात. तसे काही नाही. एक हिरडस मावळातले, दुसरे महाडकडचे.

आणि एक बाजी असाही होऊन गेला, की ज्याने १६४८ मध्ये जिंजीजवळ शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला. तो मुधोळचा बाजी घोरपडे. १६६४ मध्ये महाराजांनी त्याचा समाचार घेतला. म्हणजे एकाच नावाची माणसे राजासाठी मरणारी आहेत आणि राजाच्या वडिलांना धरून देणारीही आहेत. बारशाला सगळ्यांच्या कानात एकच नाव सांगितले गेले. पुढे प्रत्येकाने आपापल्या हाताने त्या नावात निरनिराळा अर्थ भरला.

तारापूरच्या हल्ल्यातले दुसरेही नामबंधू पाहा. राणोजी भोसले शिडीवरून चढले असे मी म्हणालो. पण राणोजी म्हटले की लोकांना आठवतात ते राणोजी शिंदे, ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ पुरुष. तेही याच मोहिमेत चिमाजी अप्पांच्या मदतीला आले होते. एका मोहिमेत दोन राणोजी! घराण्याचे राज्य पुढे टिकले, त्या राणोजींचे नाव टिकले. दुसऱ्या राणोजींचे नाव कागदात राहिले.

यशवंतराव हे नाव घ्या. तारापूरच्या तटात शिरलेले यशवंतराव पवार. पुढे साठ वर्षांनी इंग्रजांना जेरीस आणणारे यशवंतराव होळकर. आपल्या शेजारच्या जव्हार संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे, जे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि संस्थान विलीन झाल्यावर लोकसभेत निवडून गेले. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा मंगल कलश आणणारे यशवंतराव चव्हाण. नुसते ‘यशवंतरावांनी केले’ असे लिहिले, तर कोणत्या यशवंतरावांनी?

जव्हारचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मुकण्यांच्या त्या राजघराण्यात पतंगशाह हे नाव इतक्या वेळा आले की पहिले, दुसरे, तिसरे असे आकडे घालूनच ते सांगावे लागते. जव्हारच्या सरकारी रुग्णालयालाही पतंगशाहांचेच नाव आहे. आपल्यापैकी किती तरी जणांची नातलग मंडळी तिथे उपचार घेऊन आली असतील. युरोपात ही आकडे घालण्याची रीत फार. फ्रान्सच्या राजांत लुई हे नाव इतके चालले की आकडा अठरापर्यंत गेला. आपल्या लोकांना मात्र माणसाला आकडा लावणे फारसे रुचले नाही. आपण थोरले माधवराव म्हणालो, सवाई माधवराव म्हणालो. थोरले, धाकटे, आबा, दादा, अप्पा, भाऊ अशी घरातलीच बिरुदे लावली. आणि कागदोपत्री वडिलांचे नाव जोडले: बाळाजी विश्वनाथ, बाळाजी बाजीराव, बाळाजी जनार्दन. हे तिसरे बाळाजी म्हणजे नाना फडणीस. बापाचे नाव जोडले नसते तर हे तिघे वेगळे काढता काढता पुरेवाट झाली असती.

आता मी तुम्हांला एक मोठी विलक्षण गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या जिल्ह्यातच घडली. तिचे ठिकाण वसई.

पहिले बाजीराव आणि त्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा, ही जोडी सर्वांना ठाऊक आहे. थोरल्या भावाने उत्तर हिंदुस्थान गाजवला, धाकट्याने १७३७ पासून दोन वर्षे ही मोहीम चालवली. अणजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ अशा इथल्याच माणसांनी या मोहिमेसाठी धडपड केली होती. मे १७३९ मध्ये वसईचा कोट पडला. त्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसातून वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले अशी परंपरा आहे, आणि त्या देवळाचा किल्ल्यासारखा तट आजही आपण पाहतो. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडीला वारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पाही गेले. एकाच वर्षात दोन्ही भाऊ गेले.

बाजीरावांचे धाकटे पुत्र रघुनाथराव. त्यांना १७७५ मध्ये मुलगा झाला. रीतीप्रमाणे आजोबांचे नाव ठेवले: बाजीराव. त्यानंतर दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव काय ठेवले असेल? चिमाजी अप्पा! घरात पुन्हा तीच जोडी उभी राहिली, थोरला बाजीराव आणि धाकटा चिमाजी. नाव ठेवताना आई-बापांच्या मनात काय आशा असतील, हे तुम्हां-आम्हांला वेगळे सांगायला नको.

पुढे काय झाले? १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि गादीसाठी कारस्थाने सुरू झाली. १७९६ मध्ये या दुसऱ्या चिमाजींना सवाई माधवरावांच्या विधवा पत्नी यशोदाबाई यांच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले. थोड्याच महिन्यांत त्यांना उठवून थोरला भाऊ बाजीराव गादीवर बसला. १७३९ चे दोघे भाऊ एकमेकांच्या बळावर लढले. या दोघा भावांना कारभाऱ्यांनी एकमेकांच्या विरुद्ध सोंगट्यांसारखे वापरले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला, तेव्हा दुसरे बाजीराव कोकणात पळाले आणि इंग्रजांच्या आश्रयाला आले. कुठे? वसईला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी तिथे तह झाला. इंग्रजांची फौज आपल्या राज्यात ठेवायची आणि तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा, असे कबूल केले. मराठी राज्याचे स्वातंत्र्य त्या दिवशी गहाण पडले. सोळा वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई संपली.

मंडळी, गाव तेच वसई. नावे तीच बाजीराव आणि चिमाजी. रक्तही तेच, सख्ख्या नातवाचे. एका जोडीच्या काळात ते ठाणे जिंकले. दुसऱ्या बाजीरावाने त्याच ठिकाणी सही करून राज्य घालवले. मध्ये अवघी त्रेसष्ट वर्षे गेली. आजोबांचे नाव नातवाला मिळते, घर मिळते, वतन मिळते. आजोबांची कर्तबगारी मात्र कोणी पाळण्यात घालून देत नाही. आपल्या बायाबापड्या हेच एका म्हणीत सांगतात: नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

याच दुसऱ्या बाजीरावांनी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, असताना एक मुलगा दत्तक घेतला. धोंडोपंत त्याचे नाव. लोक त्याला नानासाहेब म्हणत, म्हणजे पुन्हा घराण्यातलेच जुने नाव! १८५७ मध्ये हे नानासाहेब इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. बापाने सहीने घालवले, त्यासाठी दत्तक मुलाने तलवार धरली. म्हणजे नावाला कमीपणा येतो तसा तो धुऊन काढण्याचा प्रयत्नही होतो. नाव बिचारे काही करत नाही. सगळे करतो तो माणूस.

आतापर्यंत मी पुरुषांचीच नावे घेतली. बायाबापड्या म्हणाव्यात आणि त्यांची गोष्ट सांगू नये, हे बरे नव्हे. म्हणून तीन ताराबाईंची गोष्ट सांगतो.

पहिल्या महाराणी ताराबाई. हंबीरराव मोहिते यांच्या कन्या, राजाराम महाराजांच्या पत्नी. १७०० मध्ये पती गेले तेव्हा वय पंचविशीचे. त्या वयात त्यांनी औरंगजेबाविरुद्ध राज्याची सूत्रे हाती घेतली आणि सात वर्षे लढा चालवला. १७०७ मध्ये औरंगजेब दक्षिणेतच मेला, राज्य मात्र राहिले.

दुसऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. समाज बायकांना जो जो दोष देतो, तो तो दोष पुरुषात आहे की नाही, असा रोखठोक सवाल त्यांनी त्या काळात केला. महात्मा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली.

तिसऱ्या ताराबाई आपल्या. ताराबाई मोडक, माहेरच्या केळकर, जन्म १८९२. पदवीधर बाई, शहरात मान होता, नोकरी होती. १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघाचे काम सुरू केले. १९४५ मध्ये त्या आपल्या बोर्डीला आल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वारल्यांची मुले शाळेत येईनात. का? धाकटी भावंडे सांभाळायची, गुरे राखायची. तेव्हा या बायकांनी शाळाच मुलांच्या दारी नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, गुरांमागे रानात गेली ती कुरणशाळा. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले, १९७३ मध्ये त्या गेल्या. १९७५ मध्ये सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज आपल्या पाड्यापाड्यांत अंगणवाडी आहे. तिथे पोषण आहार खाणाऱ्या बाळाला ठाऊक नसेल, पण त्याच्या थाळीमागे कोसबाडच्या त्या टेकडीची पुण्याई आहे.

एकीने राज्य राखले, एकीने लेखणी चालवली, एकीने मुलांच्या अंगणात शाळा नेली. नाव एक, कामे तीन. इथे बसलेल्या एखाद्या मुलीचे नाव तारा असेल, तर तिने घरी जाऊन या तिघींविषयी वाचावे.

आता शेवटची आणि सर्वांत जवळची गोष्ट. १४ ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ चळवळीत पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि आपले पाच जण हुतात्मे झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, सालवडचे सुकुर गोविंद मोरे, मुरब्याचे रामचंद्र चुरी आणि पालघरचे तिवारी. दरवर्षी १४ ऑगस्टला पालघरच्या हुतात्मा स्तंभाजवळ माणसे जमतात आणि ही नावे घेतली जातात.

ही नावे कशी घेतली जातात, इकडे लक्ष द्या. त्यांत गोविंद हे नाव दोनदा येते. नांदगावच्या ठाकुरांचे ते स्वतःचे नाव. सालवडच्या मोऱ्यांचे ते वडिलांचे नाव. ‘गोविंद हुतात्मा झाला’ एवढेच आपण लक्षात ठेवले असते, तर एका बापाने दिलेला मुलगा आणि दुसऱ्या बापाचा गोविंद नावाचा मुलगा यांची गल्लत झाली असती. ज्यांनी ही नोंद केली त्यांनी गाव, बाप आणि आडनाव यांसह ती केली, म्हणून नांदगावला आपला माणूस कळतो, सालवडला आपला कळतो, आणि त्यांच्या नातवा-पणतूंना ताठ मानेने स्तंभापुढे उभे राहता येते. तारापूरच्या बाजी भीवरावांची नोंद कागदांत झाली, पण आपण गावकऱ्यांनी ती जिभेवर ठेवली नाही. म्हणून ते दुसऱ्या बाजींच्या सावलीत गेले.

म्हणून मी परत भिंतीवरच्या फलकाकडे येतो. कोणी म्हणेल, “गुरुजी, देवाच्या दारात कसले नाव? देवाला सगळे ठाऊक आहे.” खरे आहे, देवाला फलकाची गरज नाही. ज्यांना गुप्तदान करायचे आहे त्यांना माझा साष्टांग नमस्कार, त्यांचे नाव कोणी शोधूही नये. पण नाव लिहायचे ठरले असेल तर ते असे लिहावे, की पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला माणूस कळेल. जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर नुसती नावे कोरलेली आपण पाहतो. अमक्याचे दंडवत, तमक्याची सेवा. त्यावर पाय ठेवून आपण वर जातो आणि कोणाचा कोण ते आपल्याला सांगता येत नाही. पायरी बांधणाऱ्याची सेवा देवापाशी पोहोचली, गावापाशी मात्र राहिली नाही.

समितीपुढे मी चार सूचना ठेवतो.

पहिली सूचना. प्रत्येक नाव पूर्ण लिहावे: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव, आणि शेवटी आळी किंवा पाडा. त्याने फलक थोडा लांबेल. संगमरवराचे दोन फूट अधिक लागतील, त्याचा खर्च करायला मंडळी तयार आहेत. नावाच्या एका अक्षराने सातबाऱ्यावर, पासबुकावर, आधारकार्डावर काय घोटाळे होतात आणि तहसीलच्या किती फेऱ्या घालाव्या लागतात, हे आपण सगळे जाणतो. मग देवळाच्या भिंतीवरच निष्काळजीपणा का करावा?

दुसरी सूचना. आमच्या भगिनींची नावे त्यांच्या स्वतःच्या नावाने यावीत. ज्या बाईने सुक्या मासळीच्या विक्रीतून, मोगऱ्याच्या गजऱ्यांतून किंवा एमआयडीसीतल्या पगारातून देणगी दिली, तिचे नाव ‘परिवार’ या शब्दाखाली झाकू नये. तीन ताराबाईंपैकी एकीलाही जग ‘परिवार’ म्हणून ओळखत नाही.

तिसरी सूचना. ज्यांनी पैसे दिले नाहीत पण घाम दिला, त्यांचीही नावे लिहावीत. रेती-विटा वाहणारे, सुट्टीच्या दिवशी येऊन खणणारे, पाड्यावरून लाकूड आणून देणारे. श्रमदानाला पावती फाडली जात नाही, म्हणून ते यादीत येत नाही. ते यायला हवे. तारापूरच्या तटात पहिले कोण शिरले त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, पण रात्री जमिनीखाली सुरुंग खणणाऱ्या बेलदारांची नावे आपल्याला माहीत नाहीत. निदान आपल्या देवळाच्या बाबतीत तरी असे होऊ नये.

चौथी सूचना शाळेसाठी. फलकावर ज्यांची नावे येतील, त्या प्रत्येकाविषयी चार ओळी मुलांनी घरोघरी जाऊन विचारून लिहून घ्याव्यात. कोणाचे कोण, काय उद्योग, देवळासाठी काय केले. दोनशे पानी वही पुरेल. ती वही मंदिराच्या कपाटात राहू द्या. त्या वहीच्या पहिल्या पानावर बाजी भीवराव रेठरेकर, तारापूर, जानेवारी १७३९, एवढे लिहिले तरी आपण पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे ऋण थोडे फेडले असे होईल.

१ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर जिल्हा झाला. जिल्हा नवा, पण इथली नावे जुनी आहेत. कारखान्यांनी आणि अणुवीज केंद्राने आपल्या तारापूरचे नाव देशात गेले. ते जाओ, आनंद आहे. पण तारापूर म्हटल्यावर नुसते वीजकेंद्र आठवावे आणि त्या कोटात पडलेला माणूस आठवू नये, हे आपल्याला शोभत नाही.

बालमित्रांनो, तुमच्यात कोणी शिवाजी असेल, कोणी संभाजी, कोणी अहिल्या, कोणी सावित्री. ते नाव आई-वडिलांनी हौसेने ठेवले आहे. तुम्हांला त्या थोरांइतके मोठे होता येईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण त्या नावाला कमीपणा येईल असे काही आपल्या हातून घडणार नाही, एवढे प्रत्येकाला जमेल. आणि कोणी “कोणता?” असे विचारले तर बापाचे नाव, आईचे नाव आणि गावाचे नाव अभिमानाने सांगता येईल, असे वागा.

यादी अजून आठवडाभर खांबावर आहे. प्रसाद घेऊन जाताना प्रत्येकाने आपले नाव पाहावे, शेजाऱ्याचेही पाहावे आणि चूक असेल तर समितीला सांगावे. दगडावर एकदा छिन्नी चालली की खोडरबर चालत नाही.



जय हिंद! जय महाराष्ट्र!